दोन खटक्यांचा कठडा

कंपनी दवाखान्यांसाठी पलंग बनवायची, आणि शिक्केबाई त्या पलंगांच्या ड्रॉइंगवर शिक्का मारायच्या. त्यांचं खरं नाव पगाराच्या पत्रकात होतं. बाकी सगळ्या इमारतीत, पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत, त्या शिक्केबाईच. ड्रॉइंग तयार झालं की त्यांच्या टेबलावरच्या लाकडी ट्रेमध्ये यायचं. बाई पट्टी घेऊन एकेक माप तपासायच्या, बेरजा करायच्या, नंबर घालायच्या आणि खाली उजव्या कोपऱ्यात शिक्का ठोकायच्या. त्यानंतरच कागद खाली वर्कशॉपात जायचा. बावीस वर्षांत त्यांच्या हातून चुकीचं माप निसटलं नव्हतं. हे त्या स्वतः कधी बोलून दाखवत नसत, पण कोणी बोललं तर नाहीही म्हणत नसत.

त्यांची आई आठ महिन्यांपूर्वी गेली. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, डावं अंग गेलेलं. आई गेल्यावर चौथ्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या. डबा काढला, चष्मा पुसला आणि ट्रेमधला पहिला कागद ओढला. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या, काय खंबीर बाई आहे! खंबीर कसलं डोंबल. बाईंना काही वाटतच नव्हतं. रडू येईल म्हणून त्यांनी पहिल्या आठवड्यात जवळ जास्तीचे दोन रुमाल ठेवले होते, ते घडीतच राहिले. जेवायची वेळ झाली की जेवायचं, झोपायची झाली की झोपायचं, एवढंच चाललं होतं.

अशात कंपनीचं एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. त्या दवाखान्याला पलंगाची चाकं बदलून हवी होती, जुनी फरशीच्या सांध्यात अडकायची. कंपनीने ती मागणी लिहून घेतली, त्यावर समिती नेमली, समितीने अहवाल दिला, अहवालावर सह्या झाल्या. हे भिजत घोंगडं सात महिने पडून होतं. तेवढ्यात दुसऱ्या एका लहानशा कंपनीने तीन आठवड्यांत चाकं बदलून, दवाखान्यात नेऊन, नर्सेसना ढकलायला लावून दाखवली. गिऱ्हाईक गेलं. धाकट्या साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, "आपण चूक काहीच केली नाही. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं. आणि तरी आपण हरलो. आता चपळ व्हायचं."

"चपळ म्हणजे? झाडावर चढायचं काय?" फोरमनने मागून विचारलं. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना विनोद कळला होता, फक्त हसू येईना.

चपळ कसं व्हायचं ते शिकवायला एक मॅडम आल्या. जाडसर कार्डांचे गठ्ठे घेऊन फिरायच्या म्हणून दोन दिवसांत त्यांचं नाव कार्डवाली पडलं. त्यांनी पहिल्यांदा खाती मोडली. ड्रॉइंगवाला, वेल्डर, खरेदीवाला आणि विक्रीवाला असे एकेक घेऊन सात-आठ जणांचे गट केले. ज्याने काम करायचं त्यानेच ठरवायचं, वर विचारायला धावायचं नाही. वर्षाची योजना बंद. दोन आठवड्यांत जेवढं होईल तेवढं करायचं, वापरणाऱ्याला दाखवायचं, चुकलं तर लगेच बदलायचं. मोठी चूक उशिरा कळण्यापेक्षा छोटी चूक लवकर कळलेली बरी, असं त्यांचं म्हणणं. कामं कार्डांवर लिहून भिंतीवर लावायची, गटांनी त्यातली आपापली उचलायची. रोज सकाळी त्या भिंतीपुढे पंधरा मिनिटं उभी मीटिंग. उभी अशासाठी, की खुर्ची मिळाली की माणूस भाषण करतो. ड्रॉइंग खात्यातला पेन्सिल म्हणाला, नव्याचे नऊ दिवस. पेन्सिल पन्नाशीचा, काटकुळा आणि उंच, त्यावरून हे नाव. बाईंचं आणि त्याचं टेबल वीस वर्षं शेजारी होतं आणि वीस वर्षं दोघं एकमेकांना अहो-जाहो करत होते.

नऊ दिवस उलटले तरी कार्डवाली दमली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने एका ड्रॉइंगचा माग काढला. कागद कुठे जन्मला, कुठे गेला, कुठे किती थांबला, हे तास लिहून भिंतीवर लावलं. पलंगाच्या एका साध्या फेरफाराला एकूण एकेचाळीस दिवस लागले होते. त्यात माणसाचा हात लागलेलं खरं काम सहा दिवसांचं. उरलेलं सगळं थांबणं. आणि सगळ्यात लांब थांबणं एकाच जागी होतं, अकरा दिवस, बाईंच्या ट्रेमध्ये.

"तपासायला किती वेळ लागतो, बाई?" कार्डवालीने विचारलं. आवाजात दोष नव्हता.

"चाळीस मिनिटं."

"मग अकरा दिवस?"

"आधीचे कागद असतात ना. नंबराने घेते."

कोणाला तरी बाईंची दया आली असावी, कारण कोणीतरी खाकरलं. बाईंनी भिंतीवरचा अकराचा आकडा पाहिला आणि मनात म्हणाल्या, बेरीज बरोबर आहे.

शिक्का बंद झाला. गटातल्या गटातच दोघांनी मिळून माप तपासायचं असं ठरलं, आणि खरं सांगायचं तर तसं काम जास्त नीट होऊ लागलं. धाकट्या साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "कोणाला काढणार नाही असा माझा शब्द आहे. पण आता खुर्ची मी देत नाही, गट देतो. दोन आठवडे आहेत. तुम्ही असं एक कार्ड आणा, जे एखादा गट स्वतःहून उचलेल, आणि त्या गटात बसा. नाही जमलं तर शहराबाहेरचं गोदाम आहे. जुनी ड्रॉइंग्ज लावायची आहेत तिथे."

गोदाम बाईंनी पाहिलं होतं. दोन बस बदलून जावं लागायचं. तिथे पत्र्याची कपाटं होती आणि पहारेकऱ्याखेरीज बोलायला कोणी नव्हतं. दिवसभर माणसांचा आवाज कानावर पडतो म्हणून आपण अजून उभ्या आहोत, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. घरी आवाज उरला नव्हता. गोदामातही नसला तर मग काय होईल, याची त्यांना भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती, आणि तेच त्यांना बरं लक्षण वाटेना.

कार्ड लिहायची एक ठरलेली रीत होती. तीन वाक्यं. मी अमुक आहे. मला अमुक हवं आहे. कारण अमुक. बाईंना ठरलेल्या रीती आवडायच्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात पाच कार्डं लिहिली, मोत्यासारख्या अक्षरात. मी तपासनीस आहे, मला ड्रॉइंगच्या नंबरांची एकच पद्धत हवी आहे, कारण घोळ होतो. असली सगळी. कोणी उचललं नाही.

"बाई, यातला 'मी' कोण आहे?" कार्डवाली म्हणाली.

"मीच की."

"तपासनीस पलंगावर झोपतो का? पलंग ढकलतो का? वापरणारा माणूस हवा. ज्याचं काही अडलंय असा."

"ज्याचं जळतं त्याला कळतं," फोरमनने जोड दिली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईच्या पलंगाचं काय करायचं? खोली अडलीये नुसती. कोणाला तरी देऊन टाकू ना."

"दे की," बाई म्हणाल्या.

"तुला काही वाटणार नाही ना?"

"नाही रे."

खरंच काही वाटलं नाही. फोन ठेवून त्या आतल्या खोलीत गेल्या. पलंग कंपनीचाच होता, रंगाला ओरखडा पडला म्हणून बाजूला काढलेला, त्यांनीच तेव्हा मागून आणला होता. द्यायचा तर पुसून द्यावा म्हणून त्यांनी फडकं घेतलं. उशाकडची बाजू पुसली, पायथा पुसला. कठड्याशी आल्या तेव्हा डावा हात आपोआप हवेत गेला आणि वाकून राहिला, कोणाच्या तरी मानेखाली असावा तसा. उजवा हात खटक्यावर. बाई तशाच थांबल्या. मग फडकं खाली ठेवून त्यांनी पर्समधून कार्ड काढलं आणि पलंगाच्या कडेवर ठेवून लिहिलं. एक अक्षर खोडावं लागलं नाही.

सोमवारी, दोन आठवड्यांची मुदत संपायच्या दिवशी, त्यांनी ते भिंतीवर लावलं. कार्डवालीने मोठ्याने वाचलं. "मी अंथरुणाला खिळलेल्या बाईची मुलगी आहे. मला कठडा एका हाताने खाली घेता यायला हवा आहे. कारण दुसऱ्या हातात आई असते."

पेन्सिल पुढे आला. "कठड्याला दोन खटके मुद्दाम आहेत. एक उशाशी, एक पायथ्याशी. दोन्ही एकदम ओढल्याशिवाय कठडा उतरत नाही. पेशंटने चुकून उघडू नये म्हणून. माझं ड्रॉइंग आहे ते."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "शिक्का माझा आहे त्यावर. दोन खटक्यांमधलं अंतर एकशे दहा सेंटिमीटर. बरोबर होतं. मी दोनदा मोजलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. मापात चूक नाही."

कार्डवालीचा एक नियम होता, वाद घालायचा नाही, करून दाखवायचं. वर्कशॉपातून पलंग वर आणला गेला. पेशंट कोण होणार म्हणता म्हणता सगळ्यांनी पेन्सिलकडे पाहिलं, आणि तो बूट काढून चढला. त्याचे पाय पायथ्याच्या बाहेर आले तेव्हा थोडं हसणं झालं.

"उठून बसा," बाईंनी सांगितलं. "डावं अंग नाही असं समजा. माझ्याकडे कलंडा. जोर लावू नका."

पेन्सिल कलंडला. बाईंनी डावा हात त्याच्या मानेमागून घालून खांद्याला धरला. धरण्यात सहा वर्षांची सफाई होती.

"आईला भरवत होते," बाई सांगू लागल्या. नंबर वाचून दाखवावेत तसा आवाज. "जेवताना ठसका लागला. पाय खाली सोडून पुढे वाकवायला पाहिजे, नाहीतर श्वास अडकतो. त्यासाठी कठडा उतरवायचा. हा एक खटका." त्यांनी उजव्या हाताने उशाकडचा खटका ओढला. कठडा हलला नाही. "दुसरा तिकडे. हात पोचत नाही. म्हणून आईला क्षणभर सोडायचं, दोन्ही खटके ओढायचे आणि परत धरायचं. मी रोज तसंच करायचे. त्या दिवशी कठडा खाली गेला आणि त्याच्यामागून आई गेली. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती बसली नाही. दोन वर्षं होती."

कलंडलेल्या पेन्सिलचं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे त्याला काय वाटलं ते दिसलं नाही.

"तुम्ही इथे रोज येत होता," कार्डवाली हळूच म्हणाली. "कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणाला सांगायचं? कठड्याचं खातं वेगळं होतं. आणि ड्रॉइंग बरोबरच होतं." बाईंनी जरा विचार केला. "ते ड्रॉइंग आणि घरातला पलंग एकच आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

फोरमन तोवर गुडघ्यांवर बसून पलंगाखाली बघत होता. त्याने दोन्ही खटक्यांच्या मधली पट्टी चाचपली. "दोन्ही एका सळईने जोडायचे आणि खाली पायाने दाबायचा पट्टा द्यायचा," तो आतूनच म्हणाला. "पेशंटचा पाय तिथे जातच नाही, म्हणजे चुकून उघडायची भीती नाही. दोन्ही हात मोकळे राहतात. सळई आपल्याकडे पडलेलीच आहे. बुधवारी जोडून देतो."

"आम्ही घेतो हे कार्ड," फोरमनच्या गटातली खरेदीवाली म्हणाली. तिने भिंतीवरचं कार्ड काढून 'चालू' असं लिहिलेल्या रकान्यात लावलं. "बाई, तुमचं टेबल आमच्याकडे. वापरून बघायला तुम्हीच पाहिजे." दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या आणि मग वाजवाव्यात की नाही हे न कळून थांबवल्या.

"बुधवारी," बाई म्हणाल्या.

"फार तर गुरुवार सकाळ," फोरमन बाहेर येत म्हणाला.

"म्हणजे दोन दिवसांचं काम."

"दोन दिवसही नाही हो. सळई वाकवायला वेळ, बाकी काय आहे त्यात!" तो हात पुसत होता. बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तेव्हा त्याचं हात पुसणं थांबलं.

आठ महिने जे आलं नव्हतं ते आता आलं, आणि ते दुःखासारखं नव्हतं, संतापासारखं होतं. कोणावर काढावा असा माणूस समोर नव्हता. एक होता तो त्यांच्याच हातावर मान टाकून बसला होता. बाईंनी पकड सैल केली नाही.

"झालं बाई, कार्ड घेतलं त्यांनी," पेन्सिल अवघडून म्हणाला. "सोडा आता मला. उठतो मी."

त्याने मान उचलायचा प्रयत्न केला. बाईंनी दुसरा हातही खटक्यावरून काढला आणि त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वीस वर्षं ज्याला त्यांनी कधी 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती, त्याला त्या म्हणाल्या, "थांब ना गं. पडशील."

पेन्सिल मग हलला नाही.