सव्वा तासावरचा मुलगा

थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. सहाला सुटली की दोन बस बदलून आईकडे जायची. त्याला दीड तास लागायचा. हे गेली नऊ वर्षं चाललं होतं. धाकटा भाऊ शेजारच्या देशात राहायचा आणि इथल्या विमानतळावरून तिथल्या विमानतळावर विमान सव्वा तासात पोचायचं. तो सव्वा तास आईच्या डोक्यात असा पक्का बसला होता की येईल त्याला ती सांगायची, "मुलगा जवळच असतो माझा. लेकच लांब पडते."

थोरलीने किती डोकेफोड केली. तीन तास आधी विमानतळावर जावं लागतं, पासपोर्टच्या रांगेत उभं राहावं लागतं, बॅगेची वाट बघावी लागते, वर घर गाठायला आणखी दोन तास. आई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पण विमान सव्वा तासच ना?" थोरली कपाळाला हात लावायची.

मग आई बाथरूममध्ये घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. थोरलीने भावाला फोन केला. "आलोच ताई, सव्वा तासाचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला आणि सोळाव्या दिवशी उगवला. तोवर आईला उठवणं-बसवणं, तिचं धुणं-पुसणं सगळं थोरलीच्याच गळ्यात.

त्या संध्याकाळी तिची दुसरी बस चुकली. घामाघूम होऊन ती दारात आली, तर धाकटा पलंगाशी बसलेला आणि आईचा चेहरा उजळलेला.

"बघ," आई म्हणाली, "सव्वा तासात आला पोरगा. तुलाच आज उशीर झाला."