खुरप्याचा आवाज

देवभोळा मी कधीच नव्हतो. सगळं आयुष्य अग्निशमन दलात गेलं, तिथे देवाच्या आधी पाण्याला हाक मारायची सवय लागते. बायको ड्युटीला निघताना खिशात अंगाऱ्याची पुडी ठेवायची. मी म्हणायचो, "अगं, त्यापेक्षा रुमाल ठेव, धुरात कामाला येईल." ती हसायची आणि दोन्ही ठेवायची.

त्या उन्हाळ्यात शीळफाट्याजवळच्या डोंगराला भरदुपारी वणवा लागलेला. बंब पायथ्याशीच थांबला. जिथे पाणी पोहोचत नाही तिथे ओल्या फांद्यांनी आग झोडपावी लागते. मी आणि माझा जुना जोडीदार शरद झोडपत झोडपत एका घळीत शिरलो, आणि वारा फिरला. आग खालून वर यायला लागली. वणव्यात चढाकडे पळू नये, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर यावं, हे मीच इतरांना शिकवतो. पण काळी जमीन आगीच्या पलीकडे राहिलेली, आणि त्यातच शरदचा पाय मुरगळला.

"तू जा रे," तो म्हणाला.

"गप. तुझ्या घरी जाऊन काय सांगू?" म्हटलं आणि त्याचा हात खांद्यावर घेतला. पण जायचं कुठे, ते मला माहीत नव्हतं. खूप भीती वाटली.

धुरात स्वतःचे पाय दिसेनात. ऊन हळदीसारखं पिवळं झालेलं, सगळे आवाज लांब गेलेले, झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. मी पुटपुटलो, "आई, मला काही कळत नाही. तूच ने." तेव्हा खर्र, खर्र असं ऐकू आलं. कुणीतरी खुरप्याने गवत खरवडत होतं, अगदी निवांत, आपलं अंगण साफ करावं तसं. मी त्या आवाजामागे चालत राहिलो. मग पायाखालचं गवत संपलं. मोकळी माती, मधोमध शेंदूर लावलेला दगड, आणि माणूस कुणीच नाही. शरदला दगडाशी आडवं केलं, रुमाल त्याच्या तोंडावर धरला आणि मीही मातीला तोंड लावून पडलो. आग दोन्ही अंगांनी निघून गेली. कान भाजले, पण ती आत आली नाही.

खाली गावात एका म्हातारीने पाणी दिलं. वर कोण होतं, असं तिला विचारलं.

"आज कोन जाल रं बाला वर?" ती म्हणाली. "आमी बाया मंगलवारी जातो. आईला नारल नाय लागत, तिचा आंगन खरवराचा नवस असतो."

भासही असेल. धुराने डोकं फिरतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी कुणाशी वाद घालत नाही. शरद लंगडत का होईना चालतोय, मला ते पुरतं.

आता मंगळवारी सुट्टी मिळाली की मीही खुरपं घेऊन वर जातो. बाया आधी हसल्या, मग त्यांनी जागा करून दिली. गवत काढणं माझ्या हातात आहे, पुढचं तिच्यावर सोडलंय. कधी खरवडता खरवडता हात थांबतो. वाटतं, कुठेतरी धुरात कुणी वाट चुकून चालत असेल. मग पुन्हा सुरू करतो, जरा मोठ्याने.