नवा पूल सुरू होईपर्यंत

फोन दुपारी आला. मी नशिराबादजवळच्या साइटवर होतो, डबा नुकताच उघडला होता. पलीकडून हेमंतच्या कामावरचा सुपरवायझर एवढंच म्हणाला, "हेमंतभाऊ गेले." कुठे गेले, असं मी विचारलं... आणि तो रडायला लागला.

हेमंत आणि मी जळगावच्या कॉलेजात एका बाकावर बसलो. पुढे मी साइटवर राहिलो, तो नियोजनात गेला. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, कोणती दोन सोबत, याचं जाळं संगणकावर विणायचं, ही त्याची नोकरी. कामांना जोडणाऱ्या बाणांना तो नाती म्हणायचा. बहुतेक नाती साधी असतात. पाया संपला की खांब सुरू. काही कामं एकाच वेळी सुरू होतात, काही एकाच वेळी संपवावी लागतात. चौथं नातं क्वचितच लागतं, त्यामुळे पुष्कळांना ते उलटंच वाटतं. नवं सुरू झाल्याशिवाय जुनं संपवायचं नाही. मी एकदा त्याला म्हणालो होतो, "हे सोडून दे रे, कोणाला कळत नाही." तो म्हणाला, "जिथं ते लागतं, तिथं दुसरं चालतच नाही."

पाचोऱ्याच्या बाजूला एका नदीवर तो पुलाचं काम बघत होता. पलीकडच्या दोन गावांना दवाखान्याला, बाजाराला यायला जुना अरुंद पूल तेवढा होता. हेमंतनं तो पाडण्याचं काम त्या चौथ्या नात्यानं बांधून ठेवलं. नव्या पुलावरून वाहतूक सुरू होईल, तेव्हाच जुना पाडायचा. पण काम रेंगाळलं, नव्या पुलाच्या खांबांना जागा कमी पडायला लागली. प्रकल्पाचे मोठे साहेब म्हणाले, "जुना आत्ताच पाडू. नदीत पाइप टाकून कच्चा रस्ता करू. तो बाण काढून टाका."

"साहेब, बाकीची सगळी नाती मागंपुढं करून देतो. हे नाही. पावसात तो रस्ता टिकणार नाही."

"अहो, कागदावरचा बाण आहे तो!"

हेमंतनं काढला नाही. दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या संगणकावर काढला. उन्हाळ्यातच जुना पूल पाडला.

नोकरी सोडून माझ्या साइटवर यायला मीच त्याला सांगत होतो. तो आला नाही. पावसाळा लागला तसा तो ऑफिसात बसेना. आभाळ भरलं की कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, गाड्या परत फिरवायचा. लोक शिव्या द्यायचे. त्यांचंही खरं होतं. दुसरा रस्ता फार लांबचा, आणि आजारी माणूस घेऊन किती फिरायचं?

त्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला पाऊस झाला होता; इथं आभाळ कोरडंच होतं, पण पाणी कच्च्या रस्त्यावरून वाहायला लागलं होतं. एक काळी-पिवळी जीप त्याचं न ऐकता पाण्यात घुसली आणि मधोमध बंद पडली. गावातल्या लोकांनी दोर टाकला. हेमंत दोर धरून गाडीपर्यंत गेला, एकेकाला काढत राहिला. शेवटी एक म्हातारी उरली. तिला त्यानं पुढच्या माणसाच्या हातात दिलं, तेवढ्यात पायाखालचे पाइपच सरकले... जीपमधली सगळी माणसं वाचली. हेमंत दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्याशी सापडला. चौकशी चालू आहे म्हणतात. नवा पूल अजून अर्धाच आहे.

महिन्याभरानं धुळ्याजवळच्या त्याच्या गावी गेलो. त्याच्या बायकोनं बसायला सतरंजी टाकली. ओट्यावर त्याचे साइटचे बूट होते. पाण्यात उतरताना त्यानं ते काठावर काढून ठेवले होते. वाळलेल्या चिखलानं कडक झाले होते. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी ते उचलले, नळाकडे निघालो. दारात बसलेल्या त्याच्या आईनं माझं मनगट धरलं, अहिराणीत म्हणाली,

"ऱ्हाऊ दे, भाऊ. मना पोऱ्याना पायनी माती शे ती."

मी बूट होते तिथं ठेवले. तिनं ते जरा आत, भिंतीला लागून सरकवले. बाहेर पाऊस यायच्या बेतात होता.