चिकेआडच्या आपा

रविवारी दुपारी समोरच्या घरातल्या आपा दारावरच्या बांबूच्या पडद्याआडून, चिकेआडून, मला हाक मारतात. "भाईसाहब, सेटिंग फिर खुल गई." अबोला धरलेल्या मुलाने टाकलेले नातीचे फोटो त्यांना आपल्या फोनवर पाहायचे असतात, पण त्याला कळू न देता.

"इसमें भी चिक डाल दीजिए. मैं देखूँ, मुझे कोई न देखे."

मी हिशेबी माणूस, पण ती बटणे दर खेपेला नव्या जागी सापडतात. वैतागून मी त्यांचे नाव, ऑनलाइन हजेरी, सगळे पुन्हा झाकतो. चिकेतून आलेल्या उन्हाच्या रेघांत आपा स्वप्नात असल्यासारख्या फोटो बघत राहतात.

काल त्यांनी नातीच्या गालावर हलकेच दोनदा बोट टेकवले आणि फोटोवर लाल बदाम उमटला. मुलाला दिसण्याआधी तो पुसायला मी फोन मागितला.

"रहने दीजिए," म्हणत आपांनी उठून चिक गुंडाळून वर बांधली.