वैद्यबुवांची बुडी

"आरं ए बामना! भायेर निघ! भायेर निघ म्हन्ते ना! प्यायाचं पानी हाय रं त्ये!"

हा आवाज आला तेव्हा आमचे वैद्यबुवा गडावरच्या टाक्यात गळ्यापर्यंत बुडून डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते. आवाज असा, की समोर माथेरानवर चहा पीत बसलेल्या साहेबांच्या हातातल्या कपबशा खळखळल्या असतील. मी काठावर धोतराच्या निऱ्या सोडायच्या बेतात होतो, त्या तशाच मुठीत धरून उभा राहिलो. डोक्यावर रिकामा हंडा घेतलेली एक ठाकरीण कातळावरून धावत येत होती. वैद्यबुवांनी एक डोळा उघडला आणि मला विचारलं, "कोणाला म्हणते आहे रे ही?"

टाक्यात दुसरं कोणी नव्हतं.

हे वैद्यबुवा कर्जतचे. पाणी दिसलं की माणूस त्यात गेलाच. नदी, तळं, डोह, शेतातलं डबकं, काही चालायचं. "तळ्याला पाठ दाखवून जाणं म्हणजे देवळात जाऊन देवाकडे न बघणं," असं म्हणत ते काठावर पोचायच्या आधीच अंगरखा काढायचे. देह अवाढव्य. ते तळ्यात उतरले की पाणी बांधावरून वाहायचं आणि खालच्या खाचरातला वाल आपोआप भिजायचा. खालापूरकडचे दोघेतिघे शेतकरी पाण्याची पाळी आली की बैलगाडी पाठवून त्यांना मुद्दाम नेत असत. हे मी आजवर शंभर जणांना सांगितलंय आणि त्यातल्या नव्वदांनी ते खरं मानलंय.

त्यांच्या औषधाची तऱ्हाही निराळी. पुड्या कमी, चालणं जास्त. अपचनाला पेठचा किल्ला, निद्रानाशाला माणिकगड आणि सासुरवाडीच्या जाचाला राजमाची, म्हणजे जाऊन-येऊन दोन दिवस तरी सुटका. खोपोलीच्या वीजघराचं अप्रूप अजून ओसरलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. लोक रविवारी ते मोठाले नळ बघायला जायचे आणि आम्ही चारपाच जण वैद्यबुवांच्या मागून एखादं तळं, एखादा गड करत हिंडायचो. चाल बैलाची. "गड काही पळून जात नाही. शिवाजीमहाराजांच्या वेळेपासून तिथंच आहे," असं म्हणून दर आंब्याखाली बसायचं, दशमी सोडायची आणि शेजारच्याच्या दशमीवरचं लोणचं जास्त चांगलं आहे असं ठरवायचं.

पण पाण्याच्या बाबतीत बुवा भारी चोखंदळ. वास घेत, चूळ भरत, कोण कोण तिथे येतं याची चौकशी करत. "ज्या पाण्याला कुणी शिवलं नाही, ते पाणी औषध," हे त्यांचं वाक्य. आणि इथंच सगळं फसलं.

त्या गडाचं नाव मी सांगत नाही. चैत्र संपत आला होता. गडावर शेजारी शेजारी दोन टाकी. एकाच्या काठावर शेणाचे पो, गुरांच्या खुरांचे ठसे, धुण्याचे दगड. दुसरं मात्र करवंदीच्या काटेरी फांद्यांनी गच्च झाकलेलं. बुवांनी एक फांदी उचलून आत डोकावलं. पाणी असं नितळ, की त्यांना स्वतःच्या नाकातले केस दिसले. "अरे, हे बघा!" ते हरखून म्हणाले. "इथं कुणी फिरकतसुद्धा नाही. एकदम सोवळं पाणी!" आम्ही सगळ्यांनी मिळून काटे बाजूला केले. कुणाच्याही मनात आलं नाही, की काटे कोणीतरी घातले असतील.

ते घातले होते चांगुणाने, त्या हंडेवाल्या बाईने. गडाच्या खांद्यावर तिची वाडी. एक टाकं गुरांना, एक माणसांना. माणसांचं टाकं होळीपासून राखलेलं, कारण तिच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि वऱ्हाडाला पाजायला डोंगरावर दुसरं पाणी नव्हतं.

बुवा बाहेर आले. अंगावरून पाणी निथळतंय, अंगाला लावलेलं तेल टाक्यात रंगीत होऊन तरंगतंय. चांगुणाने ते पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. ओरडत होती तेच बरं होतं. हंडा पालथा घालून ती त्यावर बसली आणि म्हणाली, "आता काय पाजू रं मी पावन्यांना? तुमच्या गावात हिरी हायती. आमच्याकडं ह्योच एक जीव."

आमच्यातला एक शहाणा पुटपुटला, "वैद्यांच्या अंगाचं पाणी आहे, बाधायचं नाही." बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने उरलेला गड मुकाट उतरला.

"मी पाणी आणून देतो," बुवा म्हणाले.

"कुठून?"

"खालच्या तळ्यातून."

चांगुणाने त्यांच्या पोटाकडे एकवार पाहिलं. "तुमी? सोताला तर वर आना आदी."

पण त्यांनी आणलं. लग्नाच्या दोन दिवस आधी पहाटेच आम्ही कावडी घेऊन डोंगराच्या पायथ्याला हजर. गडी लावू या म्हटलं, तर, "बुडी गड्याने मारली होती का?" हे उत्तर. मग जे काय झालं ते सांगताना मला एकदाच आयुष्यात अतिशयोक्ती करायची गरज पडत नाही. खांदे सोलले. माझी निम्मी घागर माझ्याच पाठीवर. बुवा चढणीवर थांबायचे, पुढ्यातल्या पाण्याकडे बघायचे, तहानेने जीभ टाळूला चिकटलेली, पण एक ओंजळ घेतली नाही. "हे आपलं नाही," म्हणायचे. वाडीतली पोरं दोन्ही बाजूंनी नाचत येत होती, "बामन पानी भरतो, बामन पानी भरतो!" बुवा त्यांना म्हणाले, "भरतोय ना? मग वाट सोडा रे, माकडांनो." मला वाटतं, त्या दोन दिवसांत त्यांचं मन थोडं हलकं झालं होतं.

लग्न लागलं. बाकीचे आदल्या रात्रीच घरी गेले होते, मांडवात आमच्यापैकी बुवा आणि मी दोघेच. रांजण भरलेले होते. मांडवात जेवणाची पंगत बसली, भात आणि वालाचं कालवण. चांगुणा आमच्यासमोर येऊन उभी राहिली. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. राग कुठच्या कुठे गेलेला. "बसा जेवाया. पानी तुमीच आनलंय."

वैद्यबुवा गडबडले. माझ्याकडे पाहिलं, मी मांडवाच्या खांबाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "माझा आज उपास आहे, बाई."

तिने मला विचारलं. माझाही उपास निघाला.

ती पंगतीकडे वळली. आम्ही नवरानवरीवर अक्षता टाकल्या आणि डोंगर उतरलो. खालच्या तळ्याच्या काठी, आंब्याच्या सावलीत, फडकी सोडून दशम्या खाल्ल्या. चांगल्या होत्या. दोघांपैकी कोणीही एकमेकांच्या लोणच्याकडे पाहिलं नाही. बुवा हात धुवायला तळ्याशी गेले, हात धुतले आणि अंगरखा न काढता परत आले.

त्यानंतर मी त्यांना तळ्यात उतरलेलं पाहिलं नाही. रविवारची फेरी चालूच राहिली, पण पाणी आलं की काठावर बसायचे, पायसुद्धा बुडवायचे नाहीत. नवखा कोणी धोतर सोडू लागला की दरडावायचे, "आधी गावात विचारून ये, हे कोणाचं पाणी." मला एकदा म्हणाले, "अरे, पुढच्या पावसात ते टाकं पुन्हा भरलं असेल. पण तिने त्या वर्षी तेल तरंगताना पाहिलं ना." मी काहीतरी थाप मारून त्यांना हसवायला गेलो. ते हसले नाहीत. दुखण्यात पडले तेव्हाही तेच. "एकदा वर जाऊन तिला विचार, पाण्याचं मनातून गेलं का."

मी गेलो, पण ते गेल्यावर.

चांगुणा अंगणात सूप घेऊन वरई पाखडत बसली होती. म्हातारी झाली होती. नातवंडं भोवती. मी ओळख दिली, वैद्यबुवा वारल्याचं सांगितलं. पाणी बाटवल्याचं त्यांनी शेवटपर्यंत कसं मनाला लावून घेतलं, तेही सांगितलं. त्यात या वेळी एकही थाप नव्हती.

तिने सुपातला कोंडा फुंकला.

"पानी काय, पानी आलं परत," ती म्हणाली. "तुमची दोन पानं वाडली व्हती मी. ती कोंबड्यांनी खाल्ली."