सभा भरेपर्यंत

पौर्णिमा उलटून गेली होती आणि सभा अजून भरतच होती. देवराईच्या कडेला ओकच्या झाडांखाली जे आले होते ते पसरले होते. कुणी ढालीवर डोकं टेकून घोरत होतं, कुणी भाल्याला उगाचच धार लावत होतं. जे आले नव्हते ते अजून घरी बसून घोड्याच्या आयाळीत वेणी घालत असणार, याची लूबाला खात्री होती. तिने घरून आणलेला आंबट चक्का केव्हाच संपला होता, आणि तिचा धीरही.

लूबाच्या तेंक्तेर जमातीत वेळेवर पोचणं कमीपणाचं समजतात. बोलावल्याबरोबर धावत येतो तो गुलाम. स्वतंत्र माणूस आपल्या मनाने येतो. हे लूबाने आधी बापाच्या तोंडून ऐकलं, मग नवऱ्याच्या. नवरा घोड्यावरून पडून मेला, तरी हे वाक्य काही त्याच्याबरोबर गेलं नाही. आता गावचा सरदार असलेला थोरला भाऊ इमरिक तेच ऐकवत होता, जणू त्यालाच पहिल्यांदा सुचलं होतं.

"येतील गं. लोकांना हाकलून थोडंच आणता येतं?"

"गाईंना येतं," लूबा म्हणाली.

भांडणाचं मूळ गाईच होत्या. ऱ्हाईन नदीच्या या काठावरचं लांबलचक कुरण रोमनांनी आपल्या फौजेच्या घोड्यांसाठी राखून ठेवलं होतं. ते घोडे कधी कुणाच्या दृष्टीस पडले नाहीत, गवत मात्र गुडघाभर वाढायचं, आणि गावच्या गाईंना रोमन हुकूम वाचता येत नव्हता. वसंतात पलीकडच्या ठाणेदाराने, गाई कुरणात शिरणार नाहीत याची हमी म्हणून, गावातल्या काही मुली ओलीस नेल्या. त्याला मुलगे नकोच होते. इथली माणसं पोरींसाठी जास्त जीव टाकतात, हे रोमनांना कधीचं कळून चुकलं होतं. त्यातून सरदाराच्या बहिणीची मुलगी हाती लागली तर विचारायलाच नको, कारण मामा-भाचीचं नातं इथे बाप-लेकीपेक्षाही घट्ट धरतात. म्हणून लूबाची लेक फ्लेदा सगळ्यांत आधी होडीत चढली.

आता निरोप असा होता, की उद्या दुपारपर्यंत कुरण रिकामं करून सभेचं उत्तर पोचवा आणि मुली घेऊन जा. नाही पोचलं, तर मुली होड्यांतून वर, दक्षिणेकडे, डोंगरांपलीकडे जातील.

डोंगरांपलीकडे काय असतं ते लूबाला माहीत होतं. फ्लेदाच्या वयाची असताना तीही अशीच ओलीस होती. तेव्हाही सभेने हो म्हटलं होतं, पण निरोप्या काठावर पोचला तेव्हा होड्या वळणाआड जात होत्या. वरातीमागून घोडं, आणि तेही तेंक्तेरांचं, साऱ्या मुलखात नावाजलेलं. मग किती हिवाळे तिने परक्या घरात, उठायची-बसायची वेळ सांगणाऱ्या तुतारीच्या तालावर, लोकर विंचरत काढले. परत आली तेव्हा आईचे केस पांढरे झाले होते, आणि भूक लागलीय हे आपल्या भाषेत सांगायला तिला क्षणभर थांबावं लागलं होतं.

तिकडून तिने दोन गोष्टी आणल्या. एक रोमनांची भाषा आणि दुसरी, वेळ पाळण्याची खोड. पहिलीमुळे ती गावाची दुभाषी झाली. दुसरीचं काय करायचं ते गावाला कधीच कळलं नाही. लग्नात, मयतीला, कापणीला ती सगळ्यांत आधी जाऊन उभी राहायची आणि लोक तिची कीव करायचे. बिचारीला तिकडे फार हाल काढावे लागले असणार, म्हणायचे.

संध्याकाळपर्यंत बरेचसे आले. मग रीतीप्रमाणे जवाच्या दारूची पिंपं फुटली, कारण मोठा निर्णय आधी पिऊन घ्यायचा असतो. प्यायल्यावर माणूस मनातलं लपवत नाही. आणि दुसऱ्या सकाळी तोच निर्णय शुद्धीत पुन्हा घ्यायचा, कारण शुद्धीत माणूस चुकत नाही. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर ते खरं. रीत चांगली होती, आणि निवांत वेळ असलेल्या लोकांनी काढलेली होती. त्या रात्री सगळे रडले, फ्लेदाच्या नावाने शपथा झाल्या, भाले ढालींवर आपटले. कुरण सोडायचं ठरलं. दोघांनी तर लूबाच्या गळ्यात पडून आपापले घोडेही सोडायची तयारी दाखवली.

सकाळी उन्हं वर आली तरी अर्धी सभा डोकं धरून बसली होती. पुजाऱ्याने शांत व्हायला सांगितलं. त्याची गरज नव्हती. इमरिक विषय मांडायला उभा राहिला, आणि नेमका तेव्हाच डोंगरवस्तीचा हाल्दाव घोड्यावरून डुलत डुलत आला. त्याच्या घोड्याच्या आयाळीत खरोखरच वेण्या घातलेल्या होत्या.

हाल्दावने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "मला पटतंय. पण मी शुद्धीत ऐकलं. पिऊन नाही ऐकलं."

सभेत पसंतीची कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड होता. एकाने जरी एकाच बाजूने विचार केला तर निर्णय लंगडा. आज रात्री हाल्दाव पिईल, आणि एकट्याला प्यायला लावणं बरं दिसत नाही म्हणून बाकीचेही बसतील, आणि उद्या सकाळी पुन्हा.

लूबाने भावाला ओढूनच झाडामागे नेलं. सभेत बोलायचा हक्क भाला धरणाऱ्याला, तिच्या हातात चक्क्याचं रिकामं भांडं होतं.

"दादा, आज दुपारी होड्या निघतायत."

"ठाऊक आहे मला. माझी भाची आहे ती. तिच्यासाठी मी जीव देईन."

"जीव नकोय तुझा. आता लगेच एक 'हो' दे."

इमरिक खरोखर कळवळला होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याचीच लूबाला सर्वांत चीड आली. तो म्हणाला, "रीत मोडून दिलेल्या शब्दाला काय किंमत? उद्या कुणीही म्हणेल, सभा पुरती झालीच नव्हती. घाई करू नकोस."

लूबाने भांडं पुजाऱ्याच्या पायाशी ठेवलं आणि टेकडी उतरू लागली. सभेने ठरवण्याआधी सभेचं काम करणाऱ्याला शिक्षा असते. ती शिक्षा ठरवायलाही सभाच भरवावी लागेल, हे तिला उतरताना सुचलं, आणि तिची पावलं जरा भरभर पडू लागली.

गावात बायका होत्या, म्हातारे होते आणि गाई होत्या. पुरुष लढाईचे आणि सभेचे. शेत, घर, ढोरं बायकांकडे. आपल्याकडे गाई किती हे प्रत्येक पुरुष छातीठोक सांगायचा, पण त्यातली आपली कुठली हे विचारलं तर बायकोकडे बघायचा. शेजारची हारमेला मावशी दारात लोकर कातत बसली होती. लूबाने तिला सांगितलं, की सगळ्यांच्या गाई कुरणातून काढून मागच्या रानात न्यायच्या आहेत, आत्ताच.

"सभेने सांगितलं होय?"

"सांगेल."

"कधी?"

"गाई म्हाताऱ्या होतील तेव्हा."

मावशीने चाती खाली ठेवली. तिची नातही फ्लेदाबरोबर गेलेली होती. "रानात गवत नाहीये," ती उठता उठता कुरकुरली. "दूध आटेल. मग तीच मेली सभा विचारेल, दूध का आटलं." पण सगळ्यांत पुढे तीच निघाली, आणि तिच्या हाकेला घराघरातून बायका बाहेर आल्या. कुणी उशीर केला नाही. तेंक्तेरांच्या बायका इतक्या पटकन जमतात हे लूबाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, कारण त्यांना कधी कुणी जमवलंच नव्हतं.

सूर्य माथ्यावर यायच्या आत ती होडीतून पलीकडे पोचली. ठाणेदार काठावरच उभा होता. होड्या लादून तयार होत्या.

"तुमची सभा काय म्हणाली?" त्याने विचारलं.

लूबाने मागे हात केला. नदीपलीकडे कुरण होतं, नुसतं हिरवं, एकही गाय नसलेलं. वाऱ्याने गवत एका बाजूला झुकत होतं. ते इतकं सुंदर आहे हे तिनेही पहिल्यांदाच पाहिलं.

"आमच्यात उत्तर असं देतात," ती म्हणाली.

ठाणेदाराने कुरण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, की तुम्ही लोक वेळेवर आलात हे मी पहिल्यांदा पाहतोय, आणि मुलींना सोडायचा हुकूम दिला. हुकुमावर शिक्का लागणार होता, आणि शिक्का मारणारा आंघोळीला गेला होता. तिथून तो जेवायला गेला. ज्यांच्या तुतारीवर तिचं पोरवय गेलं त्यांची वाट बघत लूबा उन्हं कलेपर्यंत दगडावर बसून राहिली. कुणावर चिडावं तेही तिला कळेना.

फ्लेदा आली ती उंच होऊन आली होती. आईला मिठी मारायच्या आधी तिने शिपायाकडे वळून बघितलं, परवानगी आहे का म्हणून. लूबाने ते पाहिलं.

त्यानंतर दोन सकाळी गेल्या आणि इमरिक अंगणात आला. थकलेला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं. फ्लेदा गाईचं दूध काढत होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "कधी आलीस गं?" विचारलं, आणि उत्तर यायच्या आत लूबाकडे वळला.

"ठरलं. पिऊन ठरलं आणि शुद्धीतही ठरलं, हाल्दावसकट. कुरण सोडायचं. आता तू लगेच पलीकडे जाऊन सांग."

लूबा पेज ढवळत होती. तिने पळी काढली नाही. "जाईन की, माझ्या मनाने. बोलावल्याबरोबर धावायला मी काय गुलाम आहे, दादा?"

इमरिकची नजर फ्लेदावर गेली, मग गाईवर, आणि काहीतरी हळूहळू त्याच्या लक्षात येऊ लागलं.

तेवढ्यात नदीपलीकडून ठाण्याची तुतारी वाजली. फ्लेदाचे हात आचळांवर थांबले आणि ती अर्धी उठली. लूबाने पळी तशीच टाकली, जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून तिला खाली बसवलं.

"बस गं," ती म्हणाली. "आपल्यासाठी नाहीये ती."