फक्कीनानांचा राग

गिऱ्हाइकावर ओरडणारा दलाल मी आयुष्यात एकच पाहिला. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर बियाण्यांच्या एका कंपनीचं ऑफिस आहे आणि त्याला लागून झेरॉक्सचं दुकान. या दोघांच्या मधल्या पत्र्याच्या खोलीत नाना बसायचे. बाहेर ‘जमीन, प्लॉट, घर – खरेदी-विक्री’ अशी पाटी आणि आत नाना कोणावर तरी चिडलेले. प्लॉटला गिऱ्हाईक नाही हे गेली काही वर्षं जालन्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नवा महामार्ग येणार म्हणून भाव आभाळाला टेकले, ज्यांना घ्यायचे त्यांनी प्लॉट घेऊन ठेवले आणि मग सगळं जागच्या जागी थिजलं. बाकीचे एजंट आल्या माणसाला थंड पाण्याची बाटली देत, ‘साहेब, साहेब’ करत मागे फिरत. नाना आल्या माणसाला विचारायचे, “घर बांधायचं हाय का? न्हाई? मंग कशाला माझं पेट्रोल जाळून राह्यले?”

त्यांना एजंट म्हटलेलं खपायचं नाही. “एजंट विम्याचा असतो. मी दलाल हाय. दलाल म्हणायची लाज वाटत असंल तर माझ्याकडून जागा घेऊ नका.” हे ऐकून दोनचार माणसं खरोखरच उठून गेली होती. नानांना त्याचं काही वाटलं नाही. ते मूळचे वाटूरचे, जुन्या शेतकरी घरातले. गावात भाऊ शेती बघायचा. नाना तरुणपणी शहरात आले आणि दुसऱ्यांची घरं वसवण्यात म्हातारे झाले.

फक्कीनाना हे नाव त्यांना कोणी दिलं माहीत नाही, पण ते का दिलं हे जालन्यात सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा मारायला जी पांढरी फक्की लागते, तिची पिशवी त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम असायची. प्लॉट दाखवायला नेलं की ते आधी गाजरगवत पायानं तुडवायचे आणि मग वाकून फक्कीनं तिथे आख्खं घर आखायचे. इथे पुढची खोली, इथे ओटा, इथे न्हाणी. दाराच्या जागी रेघ तोडलेली. मग सगळ्या कुटुंबाला त्या घरातून फिरवून आणायचे. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर एकदा घाईघाईत रेघेवरून आत शिरले, तर नाना ओरडले, “भिंतीतून कसे आले? दारातून या!” आणि तो भला माणूस खरोखरच मागे जाऊन, वळसा घालून दारातून आत आला. त्याची बायको तर चपला बाहेर काढून आली. त्यांनी तोच प्लॉट घेतला, आणि आज तिथे त्यांचं दोन मजली घर आहे.

घर उभं राहिल्याशिवाय नाना सौदा झाला असं मानायचेच नाहीत. कागद झाला, सह्या झाल्या, दलाली मिळाली, तरी वर्षभरानं ते त्या जागेवर चक्कर मारायचे आणि तिथे बाभळी दिसल्या की मालकाला फोन लावायचे. “कुंपण मारून पळून गेलते का तुम्ही? ज्याला खरंच घर बांधायचं होतं त्याची जागा अडवून बसले.” एकेकानं पाच-पाच प्लॉट घेऊन टाकून दिलेले, कुठेच चूल पेटलेली नाही, आणि भाड्याच्या खोल्यांत माणसं दाटीवाटीनं राहतात, याचा त्यांना फार संताप होता. तो संताप मला पटायचा, कारण त्या दाटीवाटीतली मी एक होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तेव्हा नोकरी हसनाबादकडे होती. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, घरात मी आणि आई. आमचं कुटुंब बौद्ध. आईनं आयुष्यभर रोजंदारी केली, दुसऱ्यांच्या घरांचे पाये खणले, विटा वाहिल्या, आणि म्हातारपणी तिची एकच मागणी होती, स्वतःच्या घरात राहायचं. तोवर आम्ही भाड्याची किती घरं बघितली असतील! दारावर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी. फोनवर माणूस गोड बोलायचा. मग आडनाव विचारायचा आणि त्याच्या घरी अचानक कोणीतरी पाहुणा राहायला यायचा. असल्या पाहुण्यांनी भरलेली, तरी वर्षानुवर्षं कुलूपबंद अशी सात घरं मी आजही बोट करून दाखवू शकते.

म्हणून नाना आवडले. त्यांनी आडनाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, “माय, स्वैपाक कोण करतं? तुमी? मंग ओटा तुमच्या उंचीचा पायजे.” मंठा रोडच्या बाजूला प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये त्यांनी सतरा नंबरचा प्लॉट दाखवला. फक्कीनं घर आखलं. आई त्या घरातून दोनदा फिरली. पूर्वेकडच्या कोपऱ्यात थांबून म्हणाली, “इथं बुद्धाची मूर्ती ठेवू, अन् बाजूला बाबासाहेबांचा फोटो.” नानांनी लगेच तिथे फक्कीनं लहानसा चौकोन काढला. शेजारच्या घराच्या कंपाउंडमधून कोणीतरी आमच्याकडे बघत होतं. मला ते जाणवलं, पण त्या दिवशी मी खुशीत होते.

नानांची आणखी एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. प्लॉट पसंत पडला की ते गिऱ्हाइकाला शेजारच्या घरी चहाला न्यायचे. “जागेची मोजणी सरकार करून देतं. शेजाराची कोण करणार? तुमी बघून घ्या माणसं कशी हायेत.” आम्हालाही त्यांनी शेजारी नेलं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, हसतमुख, पांढरे केस. त्यांनी बसा म्हटलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आईला वय विचारलं. मग चहा आला. नानांना कपबशीत, त्या गृहस्थांना कपबशीत, आईला आणि मला कागदी ग्लासात. आईनं ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा पिऊन टाकला. नाना बोअरच्या पाण्याबद्दल बोलत होते. त्यांना काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी नाना आमच्या खोलीवर आले. सतरा नंबर गेला म्हणाले. लेआउटच्या मालकानं दुसऱ्या कोणाला तरी शब्द दिलाय म्हणे. “सहा महिने तिकडं कुत्रं फिरकलं न्हाई, अन् दोन दिवसांत गिऱ्हाईक आलं? मला बिलकुल पटून न्हाई राह्यलं, बाई.” ते खरोखरच गोंधळलेले होते, आणि त्या गोंधळाचाच मला राग आला. तीस वर्षं जमिनीच्या धंद्यात काढलेल्या माणसाला हे कळू नये? मी त्यांना बसा सुद्धा म्हटलं नाही. उभ्यानंच सगळं बोलून टाकलं. ते भाड्याचे फोन, ते पाहुणे, तो कागदी ग्लास. शेवटी म्हटलं, “तुम्हाला वाटतं तुम्ही आम्हाला शेजारी दाखवला. नाना, तुम्ही शेजाऱ्याला आम्हाला दाखवलंत. मुलगी बघायला यावं तसं त्यांनी आम्हाला बघितलं आणि नापसंत केलं.”

नाना चपलांकडे बघत होते. मग म्हणाले, “आतापरेंत तुमच्या समाजाचे लई गिऱ्हाईक केले मी. सगळे तुमच्याच वस्तीकडं जागा मागायचे. मला वाटायचं, त्याह्यला आपल्या लोकांत बरं वाटतं.” आई आतून म्हणाली, “दुसरीकडं कोन देऊन राह्यलं होतं, भाऊ?” नानांनी चपला पायात घातल्या. जाताना दारात म्हणाले, “चहाची पद्धत माझी. चूक बी माझी.”

तिथून ते थेट लेआउटच्या मालकाकडे गेले. मालकानं आधी उडवाउडवी केली, मग त्यांना आपलं माणूस समजून खरं ते सांगितलं. शेजारच्यांनी फोन केला होता. त्या लोकांना एक प्लॉट दिला तर उरलेल्यांना भाव येणार नाही. नाना, तुम्ही समजून घ्या, आधीच मार्केट थंड आहे. आमचं जगणं असं कोणाच्या तरी भावाच्या हिशेबात बसवलं जातं, आणि ते ‘समजून घ्या’ अशा मऊ आवाजात सांगितलं जातं. शिवी परवडली, तिला निदान उत्तर तरी देता येतं.

नानांनी समजून घेतलं नाही. त्यांनी जे केलं ते त्यांच्याच डोक्यात येऊ शकतं. कोणी प्लॉट बघायला आलं की ते त्याला आधी त्याच लेआउटमध्ये नेऊ लागले. फक्कीनं घर आखून द्यायचे, ओटा, न्हाणी, सगळं बैजवार. माणूस खूश झाला की म्हणायचे, “जागा एक नंबर. पाणी हाय, रस्ता हाय. पण सतरा नंबरच्या बाईला हितल्या मालकानं जात बघून परत पाठवलं. उद्या तुम्हाला काय बघून परत पाठवतील, सांगता येत न्हाई. आता तुमचं तुम्ही ठरवा.” लोक दचकायचे. काही हसायचे. काही खाली मान घालून गाडीवर बसायचे. असल्या भानगडीत कशाला पडा, असं म्हणून बहुतेक जण प्लॉट न घेताच जायचे. सौदे आधीच कमी, त्यात हा माणूस आपल्या हातानं ते मोडत होता.

शहरातल्या बाकीच्या लेआउटवाल्यांपर्यंत हे पोचायला वेळ लागला नाही. म्हातारा बिथरला, असं ते म्हणू लागले. एकानं काम काढून घेतलं, मग दुसऱ्यानं. झेरॉक्सवाला मला सांगायचा, नाना दिवसभर एकटेच बसतात. मी एकदा समजावायला गेले. “नाना, सोडा आता. आम्ही दुसरीकडे बघतो.” त्यावर ते माझ्यावरच खेकसले, “दुसरीकडं काय म्हणून? सतरा नंबर पसंत हाय ना मायला? मंग?”

पाच महिन्यांनी मालकानं निरोप पाठवला. त्या बाईंना सतरा नंबर देऊन टाका, पण तुमचं तोंड बंद करा. त्याला आमची दया आली नव्हती, त्याचा लेआउट पडून होता म्हणून तो नमला होता. मी नाही म्हणून बसले. ज्यांनी कागदी ग्लास दिला त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचं? रोज सकाळी त्यांची तोंडं बघायची? आईनं मला हवं तेवढं बोलू दिलं. मग म्हणाली, “मी काय त्याह्यच्या शेजाराला चाल्ले का? मी माझ्या घरात चाल्ले.” दुसऱ्या दिवशी मी नानांना होकार कळवला.

खरेदीखताच्या दिवशी नानांनी ठरलेली दलाली पुरी घेतली. मी जास्त देऊ केली, तर परत केली. “फुकट केलं तर उपकार व्हतो, जास्त घेतलं तर भीक व्हती. हा सौदा हाय.” पावसाळ्याआधी घर बांधून झालं. भिक्खूंना बोलावून बुद्धवंदना झाली, नानांनी पहिल्या रांगेत बसून खीर खाल्ली आणि खिडकीला जाळी बसवली नाही म्हणून गवंड्याला फैलावर घेतलं. आई त्या घरात जेमतेम दोन वर्षं राहिली, पण राहिली.

घर झालं त्याच वर्षी नानांनी पत्र्याची खोली सोडली. कोणीच काम देईना. वाटूरला भावाकडे निघाले, तेव्हा भेटायला आले. उभे-उभेच होते, बस धरायची घाई. मी म्हटलं, “नाना, आमच्यापायी तुमचा धंदा बसला.” मला वाटलं होतं, तसं काही नाही बाई, असं म्हणतील. नाना असे तापले की आई आतून बाहेर आली. “तुमच्यापायी? तुम्ही काय केलं हो? जागा मागितली, पैशे दिले. धंदा बसवला त्याह्यनी, अन् नाव तुमी तुमचं लावून राह्यल्या? शिकवणाऱ्या बाई तुम्ही. बोलायचं तर बराबर बोला!” आणि निरोप न घेताच फाटकाच्या बाहेर पडले. तीच आमची शेवटची भेट. गेल्या उन्हाळ्यात नाना वाटूरला वारले, तेही मला आठ दिवसांनी कळलं.

ज्या दिवशी कळलं त्या संध्याकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होते. शेजारचे बँकेचे गृहस्थ कंपाउंडपाशी आले. इतक्या वर्षांत आमचं ‘काय, कसं काय’ यापलीकडे बोलणं नाही. चेहऱ्यावर बरोबर शोभेल तेवढंच दुःख आणून म्हणाले, “फक्कीनाना गेले म्हणे. फार सज्जन माणूस हो. तुमच्यासाठी बिचाऱ्यानं धंदा घालवला.”

मी नळ बंद केला.

“आमच्यासाठी नाही घालवला,” मी म्हटलं. “तुम्ही फोन केला होता, म्हणून गेला.”

घरातून त्यांच्या बायकोनं कोण आहे म्हणून विचारलं. तसे ते आत गेले. माझा आवाज नीट लागला नव्हता. पण बोलले ते बरोबर बोलले.